बाकूला जाताय? मग केलागाई नीट बघून घ्या

हल्ली आपल्याकडची भरपूर मंडळी अझरबैजानला जातात, राजधानी बाकूतले फ्लेम टॉवर्स, बर्फ, दोनशे फोटो आणि परत. पण मला विचाराल तर तिथून आणण्यासारखी वस्तू एकच, केलागाई. तिथल्या बायका डोक्याला बांधतात तो रेशमी रुमाल. रुमाल म्हणतेय खरी पण असतो चांगला दीड मीटर बाय दीड मीटर, आणि तरी अख्खा अंगठीतून सर्रकन बाहेर येतो, दुकानदार हे करून दाखवतातच.

हा बनतो मुख्यतः दोन ठिकाणी, शेकी शहरात आणि डोंगराळ भागातल्या बसगाल नावाच्या छोट्या वस्तीत. बारीक रेशमाचं कापड मागावर विणायचं, उकळायचं, वाळवायचं, मग मेणासारख्या गरम मिश्रणात (पॅराफिन, राळ वगैरे) लाकडी ठसे बुडवून कापडावर मारायचे. जिथे मेण बसलं तिथे रंग चढत नाही, म्हणजे बाटिकचंच तंत्र. एक रंग झाला की परत ठसे, परत त्याहून गडद रंग, आणि शेवटी गरम पाण्यात मेण काढून टाकायचं. त्यामुळे कारागिराला सगळं उलटं डोक्यात ठेवावं लागतं, जे फिकट राहायला हवं ते आधी झाकायचं, आणि चुकलं तर खोडायची सोय नाही! हे शिकवणारं कॉलेज वगैरे नाही, घरातल्या घरात शिकतात. नक्षीत हमखास दिसते ती बुता, म्हणजे आपल्या पैठणीवरची कोयरीच की.

रंगांचंही ठरलेलं असतं, लाल लग्नाचा, काळा दुखवट्याचा, तरुण मुलींना उजळ आणि वयस्कर बायकांना गडद. 2014 साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नाव गेलं तेव्हा नुसती कारागिरी नाही, हे संकेत आणि केलागाई बांधण्याची पद्धतसुद्धा त्यात धरली.

पण मला सगळ्यात भारी वाटला तो जुना रिवाज. पुरुषांची मारामारी जुंपलेली असताना एखाद्या बाईने डोक्यावरची केलागाई काढून मधे टाकली की हात थांबलेच पाहिजेत. आपल्याकडे बाई पदर पसरते ती काहीतरी मागायला, तिथे तर सरळ हुकूम! अर्थात फार हुरळून जायला नको, कारण बाईचं डोकं उघडं पडणं ही पुरुषांची बेइज्जती, यावरच तो हुकूम चालायचा. आणि त्याच बाकूत 1960 सालचा एक पुतळा आहे, फुआद अब्दुररहमानोव्ह या शिल्पकाराचा, त्यातली बाई अंगावरची चादर म्हणजे बुरख्यासारखं वस्त्र भिरकावून देतेय, सोव्हिएत काळातलं स्त्रीमुक्तीचं प्रतीक. चादर वेगळी आणि केलागाई वेगळी हे मान्य, पण एका ठिकाणी बाई डोक्यावरचं काढते ते भांडण मिटवायला आणि दुसरीकडे मोकळं व्हायला, हे दोन्ही एकाच देशात बघायला मिळतं याची मला फार गंमत वाटली.

आता खरेदीचं. मशीन प्रिंटचे रुमालही केलागाई म्हणून विकायला असतात, म्हणून आधी उलटी बाजू बघा. मेणाचं काम दोन्हीकडून जवळपास सारखंच दिसतं, प्रिंट मागून फिका असतो. ठशांचे जोड बघा, कुठेतरी केसभर सरकलेले असले तर उत्तम, फारच परफेक्ट असेल तर ठेवून द्या. आणि घासाघीस बेताने करा हो, हाताचं काम आहे ते.