टॉरेन ड्रुइड घेऊन चाळिसांच्या रेडमध्ये : माझा अनुभव

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ हा ऑनलाइन खेळ भारतीय वेळेनुसार 27 ऑगस्ट 2019 रोजी पहाटे साडेतीन वाजता सुरू झाला. 2004 साली आलेल्या मूळ खेळाचे, पहिला विस्तार येण्यापूर्वीचे जग त्यात पुन्हा उभे केलेले होते आणि नियम जवळजवळ सगळे 2006 च्या 1.12 या आवृत्तीचे होते. खेळ नव्याने सुरू होत असला तरी त्यातली प्रत्येक गोष्ट लोकांनी तेरा-चौदा वर्षे मोजून, तपासून, तिची गणिते मांडून ठेवलेली होती. कोणता क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, शत्रूला किती इजा करतो, कोणत्या वंशाला कोणता लाभ मिळतो, कोणाला रेडमध्ये, म्हणजे मोठ्या गटाने मिळून करायच्या मोहिमेत, घ्यावे आणि कोणाला घेऊ नये, हे पहिला खेळाडू आत शिरण्यापूर्वीच ठरून गेले होते. पात्र निवडताना पडद्यावर आठ वंश आणि नऊ क्लास दिसतात, पण खेळणाऱ्यांच्या समुदायाला त्यांतल्या मोजक्याच जोड्या मान्य असतात. मी अमान्य ठरलेली जोडी निवडली. ती घेऊन चाळीस जणांच्या रेडमध्ये कायमची जागा मिळेपर्यंत काय काय करावे लागले, ते इथे लिहिते आहे.

मला ड्रुइड हवा होता, कारण हा एकच क्लास रूप बदलून तिन्ही भूमिका करू शकतो : अस्वल होऊन शत्रूचे वार स्वतःवर घेणारा टँक, मार्जाररूपात हल्ला करणारा योद्धा आणि मूळ रूपात इतरांच्या जखमा भरणारा हीलर. खेळातल्या दोन बाजूंपैकी होर्डच्या बाजूने खेळायचे तर ड्रुइड फक्त टॉरेन वंशाचाच होतो, त्यामुळे वंशाचा प्रश्न आपोआप सुटला. मी स्त्री-पात्र घेतले. खुरांची, रुंद खांद्यांची टॉरेन स्त्री फारशी कोणी निवडत नाही, आणि मला ती पहिल्यापासून मनापासून आवडली. स्त्री-पुरुष निवडीने पात्राच्या ताकदीत काहीही फरक पडत नाही. टॅलेंटचे, म्हणजे विशेष कौशल्यांचे, गुण मी फेरल शाखेत, म्हणजे अस्वल आणि मार्जार या रूपांवर खर्च करायचे ठरवले. मी हे सांगितल्यावर नाशिकचा माझा मावसभाऊ, जो मूळ खेळही खेळलेला होता, लगेच म्हणाला, “ताई, टँक व्हायचंय तर वॉरियर घे. ड्रुइड घेतलास तर सगळे तुला हीलिंगच करायला लावतील.”

त्याचे म्हणणे खरे होते, आणि त्यामागचे कारण नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जाता आले नसते. ड्रुइडने हीलर व्हावे हा आग्रह खेळाडूंनी हवेतून काढलेला नाही. मोल्टन कोअर या रेडमध्ये मिळणारा ‘सेनेरियन’ हा चिलखताचा संच आणि त्यानंतरचा ‘स्टॉर्मरेज’ संच हे दोन्ही बुद्धी आणि चैतन्य वाढवणारे, हीलरच्या कामाचे आहेत; अस्वलाला त्यांचा जवळजवळ उपयोग नाही. रूप बदललेले असताना हातातल्या शस्त्राची स्वतःची मारक्षमता मोजली जात नाही. होर्डच्या हल्लेखोरांचा मोठा आधार म्हणजे शामन या क्लासचा विंडफ्युरी टोटेम, पण त्याचा प्रभाव शस्त्रावर चढतो, म्हणून तो पंजांना लागू होत नाही. शिवाय तेव्हा एका शत्रूवर एका वेळी सोळाच दुष्परिणाम राहू शकत. मार्जाररूपातले रक्तस्राव घडवणारे घाव ही जागा अडवत आणि त्याहून मोलाचा एखादा परिणाम बाहेर ढकलत, त्यामुळे रेडमध्ये ते वापरूच नका असे सांगितले जाई. हे सगळे आक्षेप आकड्यांवर उभे आहेत. ज्या आक्षेपाला आकडा आहे त्याला उत्तरही आकड्याने देता येते, हे मला फार लवकर जाणवले आणि पुढच्या सगळ्या धडपडीत तेच माझ्या उपयोगी पडले.

साठाव्या पातळीपर्यंतचा प्रवास मी घाई न करता केला. दहाव्या पातळीवर अस्वलाचे रूप मिळते. त्यासाठी मूनग्लेडला जाऊन अस्वलाच्या आत्म्याशी बोलावे लागते आणि मग बॅरन्समध्ये ल्युनाक्लॉला हरवावे लागते. पाच जणांच्या डंजनमध्ये, म्हणजे छोट्या मोहिमेत, अस्वल उत्तम टँक असते. तरीही गटात शिरल्यावर बहुतेक वेळा पहिला प्रश्न यायचा की वॉरियर मिळत नाही का. मी वाद न घालता एवढेच म्हणायचे की पहिले दोन सामने पाहा आणि मग ठरवा. बहुतेकांनी पाहिले आणि प्रश्न तिथेच मिटला. काही जण मात्र एकही वार होण्यापूर्वी गट सोडून गेले.

या काळातली एक विसंगती मला आजही खटकते. मोल्टन कोअर आणि ओनिक्सिया या दोन्ही रेड खेळ सुरू झाल्यापासून पहिल्याच आठवड्यात जिंकल्या गेल्या, आणि त्याही अशा गटाकडून ज्यातले सगळे खेळाडू साठाव्या पातळीवर पोहोचलेलेही नव्हते. म्हणजे रेड लोकांच्या आठवणीत होत्या तेवढ्या अवघड राहिल्या नव्हत्या. असे असताना निवडीचे निकष सैल व्हायला हवे होते. प्रत्यक्षात ते अधिक कडक झाले, कारण ‘जिंकता येईल का’ हा प्रश्न मागे पडून ‘किती मिनिटांत जिंकता येईल’ हा प्रश्न पुढे आला. प्रत्येक लढाईची नोंद वॉरक्राफ्ट लॉग्ज या संकेतस्थळावर चढते आणि तुमच्याच क्लासच्या इतरांशी तुलना करून तुम्हाला रंग मिळतो : तळाला राखाडी, मग हिरवा, निळा, जांभळा, नारिंगी. माणसाची ओळख होण्यापूर्वी त्याचा रंग पाहिला जातो. हे साधन शिकण्यासाठी फार चांगले आहे आणि मी स्वतः त्यावरून पुष्कळ शिकले. पण योग्य क्षणी दुसऱ्याला वाचवण्याचे श्रेय त्या रंगात जवळजवळ दिसत नाही, आणि ड्रुइडचे निम्मे काम तेच असते.

साठाव्या पातळीवर पोहोचल्यावर मी तयारीला लागले. चामड्याचे काम करणाऱ्यांकडून वुल्फ्सहेड हेल्म करून घेतले. मार्जाररूपातून बाहेर येऊन पुन्हा त्यात शिरल्यावर फ्युरोर या टॅलेंटमुळे चाळीस आणि या शिरस्त्राणामुळे आणखी वीस, अशी साठ एनर्जी, म्हणजे वार करायला लागणारी शक्ती, लगेच मिळते. हे रूपांतर लढाई चालू असताना अचूक वेळी पुन्हापुन्हा करत राहणे हीच मार्जाररूपाची खरी विद्या आहे आणि ती बोटांत बसायला वेळ लागतो. दुसरी वस्तू म्हणजे नोमरेगन या डंजनमध्ये मिळणारी ‘मॅन्युअल क्राउड पमलर’ ही गदा. तिशीच्या आसपासच्या पातळीची ही वस्तू तीस सेकंद हल्ल्याचा वेग पन्नास टक्क्यांनी वाढवते, रूप बदललेले असतानाही चालते, आणि तीन वेळा वापरली की संपते. म्हणून फेरल ड्रुइडला रेडच्या आधी नोमरेगनमध्ये पुनःपुन्हा जावे लागते. अलायन्सला, म्हणजे दुसऱ्या बाजूला, ते डोंगर उतरताच लागते. होर्डच्या खेळाडूला आधी बूटी बे गाठावे लागते आणि तिथल्या गोब्लिनांच्या यंत्रातून आत जावे लागते. मी शनिवारच्या दुपारी एकटीने, लपतछपत मुख्य शत्रूपर्यंत पोहोचून त्या गदा गोळा करायचे. हे काम कंटाळवाणे होते, पण मला ते कधी जाचक वाटले नाही, कारण त्यातली प्रत्येक गदा कुठे खर्च होणार आहे हे मला ठाऊक होते.

गिल्ड, म्हणजे एकत्र रेड करणाऱ्या खेळाडूंचा कायमचा संघ, मिळवणे हा सगळ्यात अवघड टप्पा होता. भारतात या खेळाचा सर्व्हर नाही, म्हणून मी पुण्यातून युरोपच्या सर्व्हरवर खेळत होते. तिथले संध्याकाळचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडचे रात्रीचे साडेबारा. अनेक गिल्डनी माझा अर्ज ‘फेरल’ हा शब्द पाहताच परत केला. काहींनी सौजन्याने सुचवले की हीलर म्हणून ये, जागा आहे. मी नाही म्हटले. मी हीलिंग उत्तम करू शकते, परंतु ज्या कामासाठी मी हे पात्र वाढवले ते सोडून दिले असते तर त्या पात्रात माझे असे काही उरले नसते.

शेवटी एका गिल्डच्या रेड लीडरने वेगळा प्रश्न विचारला : तू आल्याने उरलेल्या एकोणचाळीस जणांना काय मिळेल? माझ्याकडे उत्तर तयार होते. मोल्टन कोअरमध्ये गार या मोठ्या शत्रूसोबत आठ फायरस्वॉर्न येतात आणि मेजरडोमो या दुसऱ्या शत्रूसोबतही आठ रक्षक असतात. तिथे जास्तीचे टँक लागतात, पण बाकीच्या लढायांत ते रिकामे राहतात. वॉरियरने ढाल बाजूला ठेवून हल्ला करायचे म्हटले तरी त्याला टॅलेंट आणि चिलखत दोन्हींशी तडजोड करावी लागते. मी मात्र त्याच टॅलेंटवर एका लढाईत अस्वल आणि पुढच्या लढाईत मार्जार होऊ शकते. माझ्या गटातल्या हल्लेखोरांना लीडर ऑफ द पॅक या टॅलेंटमुळे क्रिटिकल, म्हणजे जास्त इजा करणाऱ्या, वाराची शक्यता 3 टक्क्यांनी वाढून मिळते. मॅना, म्हणजे मंत्रांना लागणारी शक्ती, संपत आलेल्या हीलर प्रीस्टला मी ती लवकर भरून देणारा इनर्व्हेट हा मंत्र देते. तीस मिनिटांतून एकदा, लढाई चालू असतानाच, मेलेल्याला उठवू शकते. मर्यादाही मी त्याच पत्रात लिहिल्या : ओनिक्सिया या ड्रॅगनने घातलेल्या भीतीतून वॉरियर स्वतः सुटतो तसे अस्वलाला सुटता येत नाही, आणि ब्लॅकविंग लेअर या पुढच्या रेडमध्ये नेफेरियन हा शत्रू ड्रुइडांना सक्तीने मार्जार बनवतो, त्यामुळे तिथे मला मुख्य टँक करू नये. मला ट्रायल, म्हणजे चाचणीची संधी, मिळाली. मर्यादा आधीच लिहिल्यामुळेच बाकीच्या म्हणण्यावर विश्वास बसला, असे त्या लीडरने नंतर सांगितले.

ट्रायलच्या काळात माझ्याकडे बारकाईने पाहिले जात होते आणि ते मला रास्त वाटले. चाळीस माणसांनी आपली संध्याकाळ दिलेली असते; एकाच्या हौसेसाठी ती खर्ची पडू नये ही अपेक्षा चुकीची नाही. गारच्या वेळी मला एक फायरस्वॉर्न दिला होता, नंतर दोन दिले. सल्फरॉनच्या लढाईत एक हीलर पडला तेव्हा मी अस्वलरूप सोडून त्याला उठवले आणि परत रूप घेतले. त्या रात्रीच्या नोंदीत माझा रंग हिरवा होता. माझी जागा त्याच रात्री पक्की झाली.

याच्या अगदी उलट जातीचा दुसरा एक अनुभव इथेच सांगायला हवा. ऑनलाइन खेळाडूंची वर्षानुवर्षे सर्वेक्षणे करणारे निक यी यांनी दाखवले आहे की पुरुषांनी स्त्री-पात्र घेण्याचे प्रमाण स्त्रियांनी पुरुष-पात्र घेण्यापेक्षा बरेच जास्त असते. त्यामुळे माझी टॉरेन पाहून पडद्यामागे बाई आहे असे कोणीच गृहीत धरत नसे. ते कळायचे डिस्कॉर्ड या बोलण्याच्या अ‍ॅपवर मी पहिल्यांदा बोलल्यावर. अनोळखी लोकांच्या एका गटात, आधी तासभर माझे टँकिंग विनातक्रार चाललेले असताना, आवाज ऐकल्यावर एकाने सुचवले की मी हीलिंग करावे आणि टँकिंग दुसऱ्या कोणाला द्यावे. दुसऱ्या ठिकाणी न मागता सोने आणि वस्तू देऊ केल्या गेल्या, आणि नाकारल्यावर बोलण्याचा सूर बदलला. या वागण्याला कोणताही आकडा नव्हता. गणिताच्या आक्षेपाला मी तयारीने उत्तर दिले होते. इथे कितीही चांगले खेळले तरी उत्तर होऊ शकत नव्हते, आणि ते देणे माझे कामही नव्हते. मी असे गट सोडले. खेळणाऱ्या इतर स्त्रियांना मी आवर्जून सांगते की या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नका. पहिलीत सुधारणेला वाव असतो. दुसरीत दोष पूर्णपणे समोरच्याचा असतो, आणि त्यासाठी आपल्या खेळात उणीव शोधत बसू नये. आमच्या गिल्डमध्ये हा त्रास झाला नाही, कारण लढाईच्या वेळी फक्त लढाईविषयी बोलायचे हा नियम तिथे सगळ्यांना सारखा लागू होता आणि तो मोडणाऱ्याला लीडर तिथल्या तिथे थांबवत असे.

मार्च 2020 नंतर काम घरूनच सुरू झाल्याने रात्रीच्या वेळा सांभाळणे सोपे झाले. ब्लॅकविंग लेअर, मग झुल’गुरुब, मग आन’किराज असे आम्ही पुढे जात राहिलो. 1 जून 2021 रोजी ‘बर्निंग क्रुसेड क्लासिक’ हा विस्तार आला, ड्रुइडाला मँगल हे नवे आयुध मिळाले आणि एका रात्रीत फेरल टँकला सगळीकडून मागणी आली. ज्यांनी अर्ज न वाचता परत केला होता त्यांतल्या एका गिल्डनेही मला विचारले. खेळाचे नियम बदलल्यामुळे त्यांचे मत बदलले होते. वेगळे पात्र निवडणाऱ्या माणसाचे ऐकून घ्यावे ही वृत्ती त्यात मला दिसली नाही, म्हणून मी गेले नाही.

त्याच विस्तारात ब्लड एल्फ वंशामुळे होर्डला प्रथमच पॅलाडिन हा क्लास मिळाला आणि मोठ्या रेड पंचवीस जणांच्या झाल्या. तोवर आमच्या गिल्डचे अर्ज वाचणाऱ्यांत माझाही समावेश झालेला होता. एका रेट्रिब्युशन, म्हणजे हल्ल्याच्या शाखेतल्या, पॅलाडिनचा अर्ज आला. जुन्या खेळात या शाखेची अवस्था फेरलपेक्षा बरी नव्हती, आणि आमच्यातल्या दोघांनी वाचण्याआधीच नकार सुचवला. मी त्याला विचारले की तू आल्याने उरलेल्या चोवीस जणांना काय मिळेल. त्याने लिहिले की त्याच्या सील या मंत्रामुळे शत्रूवर सगळ्यांच्याच क्रिटिकल वारांची शक्यता 3 टक्क्यांनी वाढते, त्याच्या ब्लेसिंग, म्हणजे साथीदारांना बळ देणारे मंत्र, हीलर पॅलाडिनच्या ब्लेसिंगशी कशा वाटून घ्यायच्या याचा तक्ता जोडला, आणि जास्त शत्रू एकत्र असतील तिथे त्याला मॅना कमी पडतो हेही स्पष्ट नमूद केले. त्याला पुढच्या बुधवारच्या रेडसाठी ट्रायल दिली.