पिवळ्या पिशवीतलं शहाळं

गेल्या पावसाळ्यात आमच्या रुग्णालयातलं इन्फेक्शन कंट्रोलचं काम माझ्याकडे आलं. बारा वर्षं मेडिकल वॉर्डात काढली होती. मेट्रन मॅडम म्हणाल्या, "तपासणी जवळ आलीये, कचऱ्याचं तेवढं बघ." मला वाटलं, भिंतीवर तक्ते लावायचे, रजिस्टर पुरं करायचं, झालं.

पहिल्याच सकाळी मावशी पिवळी पिशवी ओढत नेत होत्या. "सिस्टर, आज फार जड लागतीये हो." तोंड अजून बांधलेलं नव्हतं. वरच एक शहाळं पडलं होतं, आतली मलई खरवडून घेतलेलं, स्ट्रॉसकट. त्याच्या आजूबाजूला सिरिंजची कागदी वेष्टनं, चहाचे कप आणि हातमोजेच हातमोजे. ज्याच्यासाठी ही पिशवी असते, तो रक्ताने भिजलेला कापूस शोधावा लागला असता.

पिवळी पिशवी जाळली जाते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे भट्टीच्या दुसऱ्या कक्षात १०५० अंशांच्या आसपास तापमान ठेवावं लागतं. पाण्याने जड झालेलं शहाळं तिथे गेलं की ते नुसतं सुकवायलाच इंधन जातं. हातमोजे, सलाईनचे सेट, युरिन बॅग यांची जागा लाल पिशवीत. ते निर्जंतुक करून, तुकडे करून पुन्हा वापरात येऊ शकतात. पिवळ्यात टाकले की प्लास्टिकचा धूर. आणि वेष्टनं, कप, शहाळी हा तर साधा, घरच्यासारखा कचरा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की आरोग्यसेवेतला सुमारे ८५ टक्के कचरा धोकादायक नसतोच. आमच्याकडे तो सगळा धोकादायक होऊन जळायला जात होता.

मी ताणकाटा मागवला. पिशव्या न्यायला गाडी यायच्या आधी रोज वॉर्डवार वजन लिहायचं ठरवलं. आठवडाभराने एक गोष्ट दिसली, आणि ती बघायला काटाही लागला नसता. पिवळी बादली खाटांजवळ होती आणि साध्या कचऱ्याची बाथरूमच्या दाराशी. एका सिस्टरकडे वीस पेशंट, हातात ट्रे, मागून नातेवाईक हाका मारताहेत. अशा वेळी हाताशी असेल तीच बादली वापरली जाणार. मग बादल्या हलवल्या. साध्या कचऱ्याची नातेवाईकांच्या बाकड्याशी आली, लाल आणि सुयांचा पांढरा डबा ट्रॉलीवर चढले. तक्त्यांनी जे झालं नव्हतं ते एवढ्याने बरंचसं झालं. उरलेलं मावशींनी केलं. "घरी ओला-सुका वेगळा नसंल तर कचरेवाली ताई परत करते, मग इथं का नाही?" असं त्या नातेवाईकांना विचारायच्या, आणि पुणेकराला हे लगेच कळतं.

याच महिन्यात मावशींना सुई टोचली. लाल पिशवीत सुई होती. आमच्याच कुणाच्या तरी हातची, घाईत टाकलेली. त्यांचं बोट वाहत्या पाण्याखाली धरलं तेव्हा त्या मलाच धीर देत होत्या. रक्ततपासण्या, औषधं, मग पुढच्या तपासणीपर्यंतची वाट. रिपोर्ट चांगला आला. पण त्यानंतर वॉर्डात कचरा वेगळा करण्याला कुणीही 'जादा काम' म्हणालं नाही.

सगळ्यात जड गेले ते हातमोजे. गोळी द्यायला, बीपी बघायला, चादर बदलायलाही आम्ही ते घालत होतो. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले कोविड रुग्ण पुण्यात सापडले. तेव्हापासूनची ती भीती आहे, आणि मी ती खोटी म्हणणार नाही, आम्ही ते दिवस पाहिलेत. पण रक्ताशी, स्रावांशी किंवा संसर्गाशी संबंध येणार नसेल तर स्वच्छ हात पुरतात. उलट मोजे घालून एका पेशंटवरून दुसऱ्याकडे गेलं तर जंतूच फिरतात. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयात नर्सनीच २०१८ मध्ये मोजे कमी करण्याची मोहीम काढली होती, हे मी हँडओव्हरच्या वेळी सांगितलं. आमच्या सिनियर सिस्टर म्हणाल्या, "तिथलं तिथे. उद्या कुणाला इन्फेक्शन झालं तर जबाबदार कोण?" प्रश्न रास्त होता. म्हणून मी मोज्यांचं खोकं उचललं नाही. प्रत्येक खाटेशी हॅंडरबची, म्हणजे हाताला चोळायच्या सॅनिटायझरची, बाटली लावली आणि दोन आठवडे त्यांच्याच शिफ्टला त्यांच्यासोबत राऊंड घेतला. तिसऱ्या आठवड्यात एका आजींचा हात त्यांनी उघड्या हाताने धरला. आजी म्हणाल्या, "तुझा हात गार आहे गं." सिस्टर काही बोलल्या नाहीत, हात सोडलाही नाही.

आता मेडिकल वॉर्डातून रोज दोनऐवजी एक पिवळी पिशवी जाते. सर्जिकलमध्ये अजून जमलेलं नाही. एकदा वापरून टाकायच्या गाऊनऐवजी धुण्याचे कापडी गाऊन घ्यावेत, असं पत्र मी दिलंय. मेट्रन मॅडमनी धुलाईचा, निर्जंतुकीकरणाचा आणि पाण्याचा हिशोब मागितलाय. आज नाईट आहे. पेशंट झोपले की तोच मांडायला बसणार आहे.