दिवाळी अंकाची छपाईसाठीची पीडीएफ

दिवाळी अंकाची पाने इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लावून झाली, की छापखान्याला द्यायची पीडीएफ तयार करण्याचे काम उरते, आणि माझ्या मते मांडणीइतकीच काळजी या कामातही घ्यायला हवी. मराठी मजकुरासाठी सर्वप्रथम कंपोझर, म्हणजे ओळीत अक्षरे जुळवणारी इनडिझाइनमधील सोय, पाहावा: परिच्छेदांना देवनागरीसारख्या लिप्यांसाठीचा वर्ल्ड-रेडी कंपोझर लावलेला नसेल, तर युनिकोड देवनागरीतील ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते आणि जोडाक्षरे फुटतात. ही चूक पीडीएफमधून जशीच्या तशी छपाईच्या प्लेटवर उतरते. म्हणून निर्यातीनंतर ‘विद्यार्थी’, ‘निर्मिती’ असे शब्द मोठे करून तपासावेत.

काळ्या मजकुराबाबत मी विशेष आग्रही आहे. वर्डमधून आलेला काळा रंग अनेकदा आरजीबी, म्हणजे पडद्यासाठीच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीतला, असतो. त्याचे सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या (सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी) पद्धतीत, रूपांतर झाले, की एकेक अक्षर चार शाईंत विभागले जाते, आणि छपाईत रजिस्टर, म्हणजे शाईंचे एकमेकींवर अचूक बसणे, केसभर जरी हलले तरी रफार व अनुस्वारांभोवती रंगीत कडा दिसू लागतात. मजकूर केवळ 100 टक्के काळ्या शाईत असावा. प्रत्येक शाई वेगळी दाखवणाऱ्या सेपरेशन्स प्रिव्ह्यूमध्ये काळी प्लेट बंद केल्यावर तो संपूर्ण नाहीसा झाला पाहिजे.

छायाचित्रे प्रत्यक्ष छापील आकारात साधारण 300 पीपीआय (दर इंचाला पिक्सेल) असावीत आणि कडेपर्यंत जाणाऱ्या चित्रांना कापरेषेबाहेर 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे चित्राचा जादा भाग, ठेवावा. छपाईसाठीच्या पीडीएफच्या प्रमाणित प्रकारांपैकी पीडीएफ/एक्स-1ए मध्ये पारदर्शकता (खालचे दिसू देणारे सावली वगैरे परिणाम) सपाट करावी, म्हणजे खालच्या थरात मिसळून टाकावी लागते, तर पीडीएफ/एक्स-4 मध्ये ती तशीच राहू शकते. यांपैकी कोणता प्रकार हवा, हे छापखान्याला आधीच विचारून घ्यावे.