रूळ संपल्यावर लागणारा समुद्र

टोकियोत राहणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी समुद्र आठवला, की त्याची पावले आपसूक कामाकुरा आणि एनोशिमाकडे वळतात. तेथे बुद्धाची भव्य मूर्ती आहे, किनाऱ्याच्या कडेने धावणारी चिमुकली गाडी आहे आणि त्या गाडीच्या फाटकाशी छायाचित्रे काढणाऱ्यांची इतकी दाटी आहे, की समुद्र दिसण्याआधी माणसेच पाहून घ्यावी लागतात. मला कोणी विचारले, तर मी त्याच सागामी उपसागराच्या दुसऱ्या अंगाला असलेले मिउरा द्वीपकल्पाचे टोक सुचवतो. शिनागावाहून केइक्यू कंपनीची लाल गाडी धरली, की ती सव्वा तासाच्या आसपास मिसाकीगुची स्थानकात येऊन थांबते. त्यापुढे रूळ नाहीत.

ते नाहीत म्हणूनच हा किनारा उरला आहे, असे माझे मत आहे. ही लाइन १९६६ साली मिउरा काइगानपर्यंत आणि १९७५ साली मिसाकीगुचीपर्यंत आली. ती आणखी पुढे, आबुरात्सुबोपर्यंत न्यावी आणि वाटेतल्या टेकड्यांवर वसाहती उभाराव्यात, असा बेत होता. जमीन मिळण्यातल्या अडचणी आणि निसर्ग वाचवू पाहणाऱ्यांचा आग्रह यांमुळे तो वर्षानुवर्षे रेंगाळला आणि अखेर २०१६ साली कंपनीने त्याचा नाद सोडला. रेल्वे न आल्याबद्दल आभार मानावेत अशा जागा जगात फार नसतील. ही त्यांतली एक आहे.

गाडीतून उतरणारे बहुतेक लोक बस पकडून थेट मिसाकी बंदरावर जातात, कारण मिसाकी म्हणजे टूना, हे समीकरण जपानी मनात पक्के आहे. रेल्वे कंपनी गाडी, बस आणि टूनाचे जेवण यांचे एकत्रित तिकीटही विकते. हा टूना मिसाकीच्या पाण्यातला मात्र नव्हे. दूरच्या महासागरांत लांब दोरांच्या गळांनी पकडून, उणे ६० अंशांच्या आसपास गोठवून तो येथे उतरवला जातो. मासा उत्तम असतो, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु दुपारी भाताच्या वाडग्यावरचे लाल काप संपवून पुढच्या बसने परतणारी मंडळी पाहिली, की समोरचा समुद्र त्यांनी निव्वळ चटणीसारखा तोंडी लावला, असे वाटते.

बंदरासमोरच जोगाशिमा हे लहानसे बेट आहे. १९६० साली पूल झाल्यापासून तेथे बसही जाते. बेटाच्या दक्षिण कडेला खडकांची जी रांग लागते, तिच्यात काळपट आणि फिकट थर आलटून पालटून दिसतात. काळे थर ज्वालामुखीतून उडालेल्या खड्यांचे आणि राखेचे, तर फिके थर समुद्रतळाशी संथपणे साचलेल्या गाळाचे आहेत. ते सगळे पुढे जमिनीच्या रेट्याने तिरपे झाले, आणि लाटांनी त्यांतले मऊ थर कोरून कठीण थर धारेसारखे उभे ठेवले. तेथेच उमानोसे दोमोन नावाची दगडी कमान आहे. एके काळी तिच्याखालून लहान होड्या जात असत. आज आपण तिच्याखालून चालत जातो.

यामागचे कारण १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आहे. टोकियो आणि योकोहामा बेचिराख करणाऱ्या त्या धक्क्याने द्वीपकल्पाचे हे टोक सुमारे दीड मीटर वर उचलले आणि जो समुद्राचा तळ होता, त्याचा एका दिवसात किनारा झाला. बेटावरचे १८७० सालचे फ्रेंच अभियंत्याने उभारलेले दीपगृह त्याच भूकंपात कोसळले. सध्याचे १९२५ सालचे आहे. आपण जेथे डबा उघडून बसतो, तो कातळ वयाने पुरातन असला, तरी त्याचे उन्हात येणे शंभरच वर्षांचे आहे, हे कळल्यावर त्यावर बसण्याची रीत किंचित बदलते. डबा उघडताना वर मात्र पाहावे. आपल्याकडे दिसते तीच घार येथेही असते आणि हातातला घास उचलण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. तशा इशाऱ्याच्या पाट्याही ठिकठिकाणी लावलेल्या आहेत.

जमिनीच्या या हालचालीची वही आबुरात्सुबोच्या खाडीत ठेवली जाते. तेथे १८९४ पासून भरती-ओहोटीची पातळी मोजणारे केंद्र आहे. दोन मोठ्या भूकंपांच्या मधल्या काळात फिलिपिन्स समुद्राचे भूपट्ट खाली सरकताना या टोकालाही हळूहळू आपल्याबरोबर खाली ओढते, आणि मग एखाद्या भूकंपात ते टोक उसळी घेते. जपानमधल्या डोंगरांच्या उंचीचा जो मूळ आधार मानला जातो, तो जागेवर आहे की नाही, हे पडताळण्यासाठीही या केंद्राच्या नोंदींचा उपयोग होतो. प्रत्यक्षात पाहण्यासारखे तेथे फारसे काही नाही. नांगरलेल्या शिडाच्या नौका, झाडीने वेढलेले निश्चल पाणी आणि शेजारी टोकियो विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्र केंद्र, एवढेच.

हे जीवशास्त्र केंद्र १८८६ साली मिसाकीत सुरू झाले आणि १८९७ साली येथे आले. महायुद्धाच्या अखेरीस आरमाराने त्याचा ताबा घेऊन तेथे छोट्या पाणबुड्यांचा तळ केला होता. युद्ध हरल्यावर अमेरिकी सैनिक येणार, हे दिसू लागले तेव्हा कात्सुमा दान या शास्त्रज्ञाने त्यांच्यासाठी इंग्रजीत एक चिठ्ठी लिहून ठेवली: शस्त्रे खुशाल नष्ट करा, पण आमची संशोधनाची साधने राखा. सैनिकांनी ती वाचली आणि केंद्र वाचले. ती चिठ्ठी आज अमेरिकेत वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत जपून ठेवलेली आहे.

या साऱ्यांत मला सर्वांत प्रिय असलेली जागा मात्र कोआजिरोचे रान ही आहे. सुमारे ७० हेक्टरांच्या या पट्ट्यात एक ओढा उगमापासून समुद्रापर्यंत, मध्ये एकही रस्ता किंवा घर न लागता वाहतो. १९८० च्या दशकात येथे गोल्फचे मैदान होणार होते, ते लोकांनी थोपवले. २०१४ पासून लाकडी पायवाटेवरून कोणालाही येथे फिरता येते. प्रथम दाट सावली आणि नेचे, मग बोरूची दलदल, आणि शेवटी झाडी एकदम बाजूला होऊन खाजण समोर येते. उन्हाळ्यात त्या चिखलावर नखाएवढे खेकडे आपल्या पांढऱ्या नांग्या एका तालात वर-खाली करत असतात. रानात राहतात ते लाल नांग्यांचे मोठे खेकडे. जुलै-ऑगस्टमध्ये अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, तिन्हीसांजेला, उधाणाच्या भरतीत त्यांच्या माद्या पाण्याशी उतरतात आणि अंग झटकून आपली पिल्ले समुद्रात सोडून देतात.

पायवाट संध्याकाळी बंद होत असल्यामुळे हा प्रकार पाहायचा, तर स्थानिक स्वयंसेवकांच्या सोबतीने जावे लागते. तारीख ठरवण्यासाठी माझ्या टोकियोतल्या स्वयंपाकघरातले मुंबईहून आलेले कालनिर्णय उपयोगी पडते. चतुर्थी-एकादशीसाठी टांगलेल्या त्या कागदावर खेकड्यांचा मुहूर्तही आयता सापडतो, फक्त भरतीची वेळ जपानी तक्त्यातून घ्यावी लागते. खेकड्यांचे वेड नसणाऱ्याने डिसेंबर-जानेवारीत निघावे. तेव्हा हवा इतकी स्वच्छ असते, की जोगाशिमावरून उपसागराच्या पलीकडे फुजी स्पष्ट दिसतो, आणि मिउरा काइगानच्या पुळणीवर लोणच्यासाठी सुकत घातलेल्या पांढऱ्या मुळ्यांच्या माळाच माळा लागलेल्या असतात. परतीची गाडी मिसाकीगुचीहूनच सुटत असल्यामुळे बसायला जागा मिळते.