ओसाकात फोन बदलला, ई-सिमही हलवले

जपानच्या प्रवासात क्योतोला पोहोचेपर्यंत आमच्या जुन्या आयफोनच्या बॅटरीने मान टाकली होती. पॉवर बँक जोडलेली असेल तोवरच तो चालू राहत असे. नकाशा, गाड्यांच्या वेळा आणि भाषांतर असे सगळेच त्या फोनवर अवलंबून असल्यामुळे ओसाकाच्या उमेदा भागातील योदोबाशी कॅमेरा या दुकानातून नवा आयफोन 17 घेतला. फोन घेणे सोपे होते. प्रवासासाठी विकत घेतलेले ई-सिम (प्लास्टिकच्या कार्डाऐवजी फोनमधल्या चिपवर इंटरनेटवरून उतरवायचे सिम) नव्या फोनमध्ये नेण्याचे काम मात्र क्रमाने आणि सावधपणे करावे लागले.

अशा ई-सिमचा क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो. तो स्कॅन केला की कंपनीच्या सर्व्हरवरून प्रोफाइल, म्हणजे सिमची माहिती, उतरते आणि फोनमधल्या चिपवर बसते. पुढे तोच कोड दुसऱ्या फोनने स्कॅन केला, तर तो आधीच वापरला गेल्याचा संदेश येतो. आयफोनच्या आयओएस 16 या प्रणालीपासून एका आयफोनमधून दुसऱ्यात ई-सिम थेट हलवण्याची सोय आहे, पण ती मोबाइल कंपनीने दिलेली असेल तरच चालते आणि प्रवासी ई-सिमला ती सहसा नसते. आम्हालाही तो पर्याय दिसला नाही. म्हणून जुन्या फोनमधले ई-सिम तसेच ठेवून प्रथम कंपनीच्या मदत कक्षाशी चॅटवर बोललो. त्यांनी ऑर्डर क्रमांक आणि नव्या फोनचा ईआयडी, म्हणजे त्यातल्या ई-सिम चिपचा ओळख क्रमांक, मागितला. हा 32 अंकी क्रमांक *#06# डायल केल्यावर पडद्यावर येतो. तो हाताने टंकण्याऐवजी पडद्याचे चित्र पाठवणे बरे. उरलेला डेटा आणि मुदत नव्या प्रोफाइलवर तशीच राहील, हे त्यांच्याकडून लेखी घेतले आणि मगच जुन्या फोनमधले ई-सिम काढून टाकले. हा क्रम उलटा झाला आणि कंपनीने नवा कोड द्यायला नकार दिला, तर नवे ई-सिम विकत घेण्यावाचून गत्यंतर नाही.

नवे प्रोफाइल उतरवायला इंटरनेट लागतेच, त्यामुळे हे काम रस्त्यावर किंवा स्थानकात न करता हॉटेलच्या वाय-फायवर करावे. ईमेलवर आलेला कोड जुन्या फोनच्या पडद्यावर उघडला आणि नव्या फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन केला. दुसरा पडदा हाताशी नसेल, तर सर्व्हरचा पत्ता आणि सक्रियण कोड सेटिंगमध्ये हाताने भरता येतो. एवढे करूनही सिग्नलच्या पट्ट्या दिसत होत्या आणि इंटरनेट मात्र नव्हते. त्या ई-सिमचे डेटा रोमिंग सुरू केल्यावर ते लगेच चालू झाले. अशी ई-सिमे अनेकदा तिसऱ्याच देशातल्या कंपनीची असतात आणि जपानमध्ये रोमिंगवर चालतात, त्यामुळे ते बटण सुरू ठेवावेच लागते.

खरा पेच भारतातल्या सिमचा आहे. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या आयफोन 17 ला प्लास्टिकचे सिम बसवायचा ट्रेच नाही. अमेरिकेत 2022 च्या आयफोन 14 पासून हीच स्थिती आहे, तर चीनच्या मुख्य भूमीवर विकले जाणारे बहुतेक आयफोन याच्या उलट ई-सिम घेतच नाहीत. म्हणून परदेशात फोन घेताना दुकानातच हे पाहून घ्यावे. भारतातले सिम तिथूनच ई-सिममध्ये बदलून घेण्याचा विचार आम्ही सोडून दिला, कारण सिम बदलल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद राहतात आणि परदेशात ओटीपीविना एक दिवस काढणे कठीण. त्याऐवजी ते सिम जुन्याच फोनमध्ये राहू दिले, त्यावरचे डेटा रोमिंग बंद ठेवले आणि ओटीपी हवा असेल तेव्हाच पॉवर बँक जोडली. यूपीआयही जुन्याच फोनवर राहिले, कारण नव्या फोनवर त्याची नोंदणी करायला बँकेशी जोडलेले सिम त्याच फोनमध्ये असावे लागते. व्हॉट्सअॅपची अडचण आली नाही. पडताळणीचा कोड जुन्या फोनवर आला आणि क्रमांक तोच राहिला.

फोनमध्ये सुइका कार्ड (जपानमध्ये रेल्वे-बसचे भाडे भरायचे प्रीपेड कार्ड) असेल, तर ते एका वेळी एकाच फोनवर राहते. आधी जुन्या फोनच्या वॉलेटमधून काढून मग नव्यात जोडावे. शिल्लक रक्कम सर्व्हरवर सुरक्षित असते. हेही स्थानकाच्या फाटकासमोर रांग अडवून न करता हॉटेलवरच उरकावे.