पंधरा मीटरची केबल

बाबांनी तीस वर्षं मंडईच्या नाटकांना ऑर्गनची साथ केली. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळी झाली की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, आणि त्या रात्री सुरू झालेलं नाटक पार उजाडेपर्यंत चालतं. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या गुडघ्यांनी साथ सोडली, थंडीत रात्रभर मांडवात बसणं बंद झालं. नवीन घराचं काम तेव्हा सुरूच होतं. मी ठरवलं, हॉलच्या एका भिंतीवर मोठा पडदा लावायचा, समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टर, आणि भोवती पाच स्पीकर. मंडईला बाबा जाऊ शकत नाहीत, तर मंडई घरात आणायची.

आमचं गाव नागभीडच्या पुढे आहे. सामान जमवायला मला फार त्रास झाला नाही. पुण्याच्या भावानं त्याचा 4के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारीक चित्राचा, प्रोजेक्टर दिला, ॲम्प्लिफायर म्हणजे एव्ही रिसीव्हर धान विकल्यावर घेतला. सगळ्यात स्वस्त वस्तू होती ती चित्र आणि आवाज एकत्र नेणारी एचडीएमआय केबल, आणि तिनंच दोन महिने खाल्ले.

मी स्वतः नाटकांच्या साउंडवर काम केलेलं आहे, त्यामुळे वायरीची भीती कधी वाटली नाही. माईकची वायर मांडवाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढायची आम्हाला सवय. लांबी वाढली, जोड खराब झाला, तर थोडी घरघर येते, आवाज थोडा बसतो, पण प्रयोग थांबत नाही. एचडीएमआयचंही तसंच असेल असं मी धरून चाललो.

रिसीव्हर पडद्याखालच्या कपाटात. तिथून भिंतीनं वर, छताच्या कडेनं मागे, आणि प्रोजेक्टरपर्यंत. सुतळीनं मोजलं तर साडेअकरा मीटर भरलं. तालुक्याच्या दुकानात 15 मीटरची केबल मिळाली, टोकांना सोनेरी मुलामा, वर जाळीदार वेष्टण. मी विचारलं, एवढ्या लांब चालेल का? दुकानदार म्हणाला, "पुड्यावर 4के लिवून आहे न भाऊ, अजून काय पायजे?" इलेक्ट्रिशियनचंही मत तेच, "केबल तं केबल रायते." भिंतीत झिरी काढलेलीच होती. त्यानं 20 मिलीमीटरच्या पाइपाचे तुकडे उभे चिरून केबलवर एकेक करून चढवले, झिरीत बसवले आणि दोन दिवसांत वरून प्लास्टर झालं.

डिश जोडली, चित्र एकदम स्वच्छ. रिसीव्हरला जोडलेल्या प्लेअरवर सिनेमा लावला, तोही 4केमध्ये स्वच्छ. घरातले सगळे खूश. मग मी ज्यासाठी हा खटाटोप केला होता ते लावलं. मामाच्या पोरानं आमच्या गावच्या मंडईचं अख्खं नाटक मोबाइलवर शूट केलं होतं, 4के, सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 60 चित्रं. नांदी सुरू झाली आणि पडद्यावर पांढऱ्या चांदण्या चमकल्या. मग पडदा काळा. चार सेकंदांनी चित्र परत आलं, पुन्हा काळं. बाबा खुर्चीतून म्हणाले, "मानसं दिसतेत अन् गायब होतेत. काय झालं बे याले?"

पहिला संशय प्रोजेक्टरवर गेला, दुसरा मोबाइलच्या फाइलवर. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टसाठी 4केचा वरचा मोड सुरू करावा लागतो, तो सुरू होता. बऱ्याच टीव्ही आणि रिसीव्हरवर तो कारखान्यातून बंद असतो, म्हणून ही तपासणी कुणीही आधी करावी. मग मी प्लेअरचं आउटपुट एकेक पायरी बदलून पाहिलं. 1080पी म्हणजे फुल एचडी, 60 फ्रेम: ठीक. 4के, 30 फ्रेम: ठीक. 4के, 60 फ्रेम: चांदण्या आणि काळोख. शेवटी प्रोजेक्टर भिंतीवरून उतरवून स्टुलावर, कपाटाच्या अगदी जवळ ठेवला आणि दीड मीटरची साधी केबल लावली. तेच नाटक, तेच 60 फ्रेम, सलग अर्धा तास एकदाही हललं नाही. दोष भिंतीत होता.

त्या रात्री मी आकडे नीट समजून घेतले. हे दुकानातच कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथं मांडतो. 1080पी 60 फ्रेमला केबलमधून सेकंदाला साधारण साडेचार गिगाबिट माहिती जाते. 4के 24 किंवा 30 फ्रेमला जवळपास नऊ. 4के 60 फ्रेमला, पूर्ण रंगासह, जवळपास अठरा. बहुतेक सिनेमे 24 फ्रेमचे असतात, म्हणून सिनेमा माझ्या केबलवर निर्धास्त चालला. आमच्या गावचं नाटक मात्र सिनेमाच्या दुप्पट भार घेऊन येत होतं. तांब्याच्या तारेत एवढ्या वेगाचा सिग्नल जसजसा लांब जातो तसतसा क्षीण होतो. एका हद्दीपर्यंत पलीकडचं यंत्र तो बिनचूक वाचतं, चित्र शंभर टक्के असतं. हद्दीवर चांदण्या चमकतात, ती ओलांडली की वाचताच येत नाही. मध्ये माईकसारखी घरघर नाही. सोनेरी मुलाम्यानं टोक गंजत नाही, आमच्याकडच्या पावसाळ्यात ते कामाचं आहे, पण रंग किंवा स्पष्टता त्यानं तिळभरही वाढत नाही.

दुसरी गोष्ट पुड्याची. एचडीएमआय 2.0, 2.1 हे आवृत्तीचे आकडे यंत्रांसाठी आहेत, केबलसाठी नाहीत. केबलचे वर्ग वेगळे: हाय स्पीड, 10 गिगाबिटच्या आसपास, प्रीमियम हाय स्पीड, 18, अल्ट्रा हाय स्पीड, 48. शेवटच्या दोन वर्गांच्या प्रमाणित केबलच्या खोक्यावर स्कॅन करता येईल असं लेबल असतं, अधिकृत ॲपनं ते तपासता येतं. नुसतं 4के कुणीही छापू शकतं, कारण 30 फ्रेमही 4केच. आणि या लेबलच्या साध्या तांब्याच्या केबली फार लांब मिळतच नाहीत. 18 गिगाबिटच्या सात-आठ मीटरपर्यंत, 48 च्या तीन ते पाच मीटरपर्यंत. साडेअकरा मीटरसाठी मी तांबं घेतलं, तिथंच चुकलं होतं.

तात्पुरता एक उपाय सापडला. प्लेअरमध्ये रंगाची माहिती कमी पाठवणारा 4:2:0 हा पर्याय असतो. तो निवडला की 60 फ्रेमचाही भार निम्म्यावर, नऊ गिगाबिटवर येतो. चित्र टिकलं. मोबाइलचं शूटिंग मुळात याच पद्धतीनं साठवलेलं असतं, त्यामुळे नाटकात काही हरवलं नाही. पण प्लेअरच्या मेनूतली बारीक लाल अक्षरं कडांना फुटायची, आणि दर वेळी सेटिंग बदलणं घरात माझ्याशिवाय कुणाला जमणार नव्हतं. बाबांना रिमोटचं एक बटण दाबून नाटक दिसलं पाहिजे, ही माझी अट होती.

मग तीन रस्ते उरले. प्लेअर आणि रिसीव्हर प्रोजेक्टरजवळ मागे हलवायचे. पण मग पाचही स्पीकरच्या वायरी नव्यानं ओढा. कॅट-6 म्हणजे इंटरनेटच्या वायरीवरून एचडीएमआय पाठवणारी पेटी घ्यायची. स्वस्त पेट्या 1080पीलाच थांबतात आणि चांगल्या फार महाग, शिवाय वेगळी वीज हवी. तिसरा रस्ता फायबरच्या केबलचा, ज्यात टोकातली चिप विजेचा सिग्नल प्रकाशात बदलते. पंधरा काय, तीस मीटरलाही ती सहज पुरते, आणि चिपला लागणारी वीज बहुधा एचडीएमआयच्याच 5 व्होल्टमधून मिळते. मी ती 15 मीटरची मागवली, 18 गिगाबिटची. 48 ची घेतली नाही, कारण माझा प्रोजेक्टर आणि रिसीव्हर दोन्ही 18 च्या पुढे जात नाहीत.

या खेपेला भिंतीला हात लावायच्या आधी केबल फरशीवर पसरून दोन दिवस चालवली. ते फार कामी आलं. फायबर केबल एकाच दिशेनं चालते. एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं, उलटी लावली तर पडद्यावर काहीच येत नाही. भिंतीत गेल्यावर हे लक्षात आलं असतं तर पुन्हा छिन्नी-हातोडा.

पण जुन्या पाइपातून ती जाणारच नव्हती. एचडीएमआयचं टोक प्लास्टिकसकट वीस मिलीमीटरच्या घरात भरतं, आणि 20 च्या पाइपाचं आतलं तोंड सोळा-सतरा. टोक सुटं होणाऱ्या फायबर केबलीही मिळतात, पण पाइपात जुनी केबल आधीच घट्ट बसलेली. तुमचं बांधकाम अजून व्हायचं असेल तर एवढं कराच: 40 चा पाइप टाका, कोपऱ्यात काटकोनी एल्बो न लावता लांब बाक द्या, आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा.

मी भिंतीच्या वरच्या कडेनं रुंद केसिंग पट्टी मारली. फायबरला करकचून दुमडलेलं सोसत नाही, म्हणून कोपऱ्यांत पट्टी तिरकी कापून केबलला गोल वळण दिलं. आमच्या घरात धानाची पोती असतात, म्हणजे उंदीर आलेच. पट्टीची दोन्ही तोंडं पुट्टीनं बंद केली. पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की डिशची वायर आणि सगळे प्लग काढायचे, हे घरात सगळ्यांना शिकवून ठेवलंय. डिशमार्गे आलेला झटका एचडीएमआयचे पोर्ट जाळतो.

भिंतीतली जुनी केबल वाया गेली नाही. डिशचा बॉक्स तिच्यावरून थेट प्रोजेक्टरच्या दुसऱ्या पोर्टला जोडला, आवाज वेगळ्या ऑप्टिकल वायरीनं रिसीव्हरला दिला. तेवढ्या भाराला ती उत्तम आहे.

मग एका संध्याकाळी बाबांच्या हातात रिमोट दिला. त्यांनी बटण दाबलं. नांदी, पहिला अंक, दुसरा अंक, चित्र एकदाही गेलं नाही. ऑर्गनवाल्यानं एका पदात पट्टी बदलली तेव्हा त्यांनी मागे नेऊन तेवढंच तीनदा ऐकलं. रात्री दीडला नाटक थांबवून मला म्हणाले, "पडदा जरा खाली घे. मान दुखते मानसाची."

दुसऱ्या दिवशी सहा इंच खाली घेतला.