आमची वाटचाल : कांडीची मजुरी वेगळी

आमची पेढी इंदुरात रामबागेतल्या घराच्या पुढच्या खोलीत सुरू झाली. माल सगळा महेश्वरचा, हातमागाच्या साड्या. मानपूरचा घाट उतरायचा, धामनोदहून आत वळायचं, की नव्वदेक किलोमीटरवर आमच्या विणकरीण आपांचं घर. पहिली साडी त्यांच्याच मागावरची, आणि आजही आमचा सगळ्यात अवघड माल त्याच विणतात. रेहवा सोसायटी या महेश्वरच्या संस्थेनं १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या बायकांना विणकामाचा रोजगार मिळवून दिला. पुढे किती घरं बायकांच्या मजुरीवर उभी राहिली, ते महेश्वरात कुणालाही विचारा.

आपा मागावर बसतात तेव्हा पलीकडे त्यांच्या सासूबाई चरख्यावर कांड्या भरत असतात, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर आडवं सूत गुंडाळत असतात. सूत सैल भरलं की धोट्यात अडकतं, घट्ट भरलं की तुटतं. एवढं जपून केलेलं काम, पण व्यापारी म्हणतात, ते साडीच्या मजुरीतच आलं. आम्ही पहिल्यापासून कांडीचे पैसे वेगळे धरले आणि जी भरेल तिच्याच नावावर टाकले. सासूबाईंचं बँकेतलं खातं उघडलं ते या कांड्यांपायी. नातीच्या शाळेची फी त्याच खात्यातून जाते.

मग ती ऑर्डर आली. परगावचं मोठं दुकान, लग्नसराईचा माल. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला, २०/२२ डेनियरचं बारीक रेशीम, बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, ८० काउंटचं बारीक सूत, किनार आपांनी स्वतः बसवलेली, लहरीच्या नक्षीवर रुईफुलाची नक्षी. विणकरणींना अर्धी मजुरी आम्ही पदरची आगाऊ दिली. माल पोचला आणि सगळाच्या सगळा परत आला. म्हणे, एका साडीचा रंग दुसरीशी जुळत नाही. हातानं रंगवलेल्या सुतात लॉटागणिक छटा हलते, हे या धंद्यात कोणाला ठाऊक नाही? पुढच्याच हंगामात तीच किनार, तेच रुईफूल, त्यांच्या काचेत पॉवरलूमवरचं लागलं, आमच्या तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत. १९८५च्या कायद्यानं काही प्रकारच्या साड्या हातमागासाठी राखून ठेवल्यात, पण दाद मागायला जायची ऐपत छोट्या पेढीची नसते. तो राग आजही तेवढाच आहे.

पाटल्या मोडल्या. सुताच्या व्यापाऱ्याचे फोन घ्यायची धास्ती वाटू लागली. आपांनी निरोप धाडला की मजुरी थांबली तरी चालेल, माग रिकामे पाडू नका. आम्ही मजुरी थांबवली नाही. तेव्हा उभ्या राहिल्या त्या गल्लीतल्याच एक निवृत्त शिक्षिका, आमच्या पहिल्या गिऱ्हाईक. त्यांनी आपल्या भिशीच्या बायका आणल्या, संक्रांतीच्या हळदीकुंकवात घडी उलगडून किनार उलटसुलट दाखवली, रोख पैसे मोजून दिले. परत आलेला माल गुढीपाडव्याच्या आत संपला.

तुम्ही महेश्वरी घेत असाल तर तेवढं जरूर करा : किनार उलटी करून बघा. अस्सल किनार दोन्हीकडून नेसता येते. मागच्या अंगाला कापलेले धागे लोंबत असतील तर घासाघीस करत बसू नका, घडी परत द्या. आणि जे दुकान काढतायत त्यांना सांगते, विणकरणीला उधारीवर विणायला लावू नका. न्याय्य व्यापाराच्या, म्हणजे ‘फेअर ट्रेड’च्या, जागतिक नियमांतच आहे, कारागिरानं मागितलं तर हस्तकलेच्या ऑर्डरीवर निदान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची. सूत रोखीनं घ्यावं लागतं, ते पैसे ती कुठून आणणार? सावकाराकडूनच ना?

मधली वर्षं बरी गेली. गेल्या वर्षी त्याच दुकानाचा फोन आला, तसलीच किनार हवी होती. अर्धे पैसे आधी म्हटल्यावर ‘कळवतो’ म्हणाले. आता कळवलं तरी आम्ही घेणार नाही. आपांचा माग दिवाळीपर्यंत भरलेला आहे.